उजेडाची परीक्षा

1877च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूब नदीत दहा किलो रंग ओतला गेला. तिथे नदीचा तळ चुनखडकाचा आहे. त्याच्या भेगांतून पाणी जमिनीत शिरतं आणि उन्हाळ्यात पात्र कोरडं ठणठणीत पडतं. दक्षिणेला साधारण बारा किलोमीटरवर आख इथे एक भलामोठा झरा आहे आणि त्याचं पाणी ऱ्हाईनच्या बाजूला वाहतं. डॅन्यूबकाठच्या लोकांना नदीतली भोकं बुजवायची होती, आखकाठच्या कारखानदारांचा त्याला विरोध होता. इकडे बुडणारं पाणी आणि तिकडे वर येणारं पाणी एकच आहे का, हे मात्र कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. कार्ल्सरुहचे भूगर्भशास्त्रज्ञ आडोल्फ क्नोप यांनी नदीत टनावारी मीठ टाकून पाहिलं, शेल खडकाचं तेल टाकून पाहिलं आणि फ्लुओरेसिन नावाचा रंग टाकला. सुमारे साठ तासांनी आखचा झरा हिरवा चमकत वर आला. पाणी कुठून येतं हे कळलं; हक्काचं भांडण पुढे 1927 साली न्यायालयात गेलं, ती गोष्ट वेगळी.

फ्लुओरेसिनचं वय तेव्हा जेमतेम सहा वर्षांचं होतं. आडोल्फ फॉन बायर यांनी 1871 साली ते प्रयोगशाळेत तयार केलं. ते निळा उजेड शोषतं आणि हिरवा परत देतं. याचा नियम जॉर्ज स्टोक्स यांनी त्याआधीच, 1852 साली, मांडून ठेवला होता: बाहेर पडणाऱ्या उजेडाची तरंगलांबी आत गेलेल्या उजेडापेक्षा जास्त असते. शल्यविशारदांचा पुढचा सगळा खेळ याच फरकावर उभा आहे. आत पाठवलेला रंग फिल्टर लावून अडवला, की डोळ्यांसमोर उरते ती फक्त चमक.

क्नोप यांचा प्रश्न ‘हो की नाही’ एवढाच होता. झरा हिरवा झाला का, हे बघायला काठावर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे पुरले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्रश्न बदलतो. तिथे सगळंच थोडंथोडं चमकतं. किती चमकलं म्हणजे कापायचं आणि किती चमकलं म्हणजे ठेवायचं, हे ठरवायचं असतं. हा फरक लक्षात यायला वैद्यकाला फार वेळ लागला असं मी म्हणणार नाही. लक्षात आला होता, पण मधल्या काळात चित्रं इतकी सुंदर दिसू लागली की तो विसरायला झाला.

1947 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले सर्जन जॉर्ज मूर यांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटा लेख छापला. रुग्णाच्या शिरेत फ्लुओरेसिन द्यायचं, शस्त्रक्रियेच्या वेळी अतिनील दिवा लावायचा आणि कर्करोगाची गाठ वेगळी चमकते का ते बघायचं, अशी ती कल्पना. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या गाठींवर ती वापरून दाखवली. मेंदूची निवड योग्य होती. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती अशा पक्क्या असतात की रक्तातले बहुतेक पदार्थ बाहेर झिरपत नाहीत. गाठीपाशी ही तटबंदी ढासळते आणि रंग बाहेर सांडतो. अडचणही नेमकी तिथेच होती. रंग ढासळलेली तटबंदी दाखवायचा, कर्करोग नव्हे. गाठीभोवती सुजलेला भागही चमकायचा. अंधारलेल्या खोलीत अतिनील दिव्याखाली काय किती चमकतंय हे सर्जनने ठरवायचं आणि त्याच्या शब्दाला दुजोरा द्यायला दुसरं काही नाही.

मूर यांनी पुढे काय केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं पाऊल वाटतं. 1948 सालीच त्यांनी फ्लुओरेसिनच्या रेणूला किरणोत्सारी आयोडीन जोडलं आणि डोक्यावर गायगर काउंटर फिरवून गाठीची जागा शोधू लागले. म्हणजे रंग जवळपास तोच ठेवला, चमक सोडून दिली आणि तिच्या जागी आकडा घेतला. उजव्या बाजूला इतके ठोके, डाव्या बाजूला तितके. वाद घालायचा तर आकड्यांशी घाला. (मूर नंतर बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेचे संचालक झाले. जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी वाढवायला ‘आरपीएमआय 1640’ नावाचं जे द्रावण वापरतात, ते त्यांच्याच चमूचं. जीवशास्त्राचे किती विद्यार्थी त्या गुलाबी बाटलीवरून त्यांच्यापर्यंत पोचतात, देव जाणे.)

दुसरा रंग उलट्या वाटेने आला. 1950च्या दशकात मेयो क्लिनिकमध्ये अर्ल वुड यांच्या प्रयोगशाळेत हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं हे मोजायचं काम चालू होतं. शिरेत रंग टोचायचा, धमनीतून तो किती वेळाने आणि किती दाटपणे जातो ते उजेड पाडून मोजायचं, ही पद्धत. पण रक्तात ऑक्सिजन कमीजास्त झाला की रक्ताचाच रंग बदलतो आणि मोजणी हलते. 805 नॅनोमीटरच्या आसपास मात्र ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन सारखंच उजेड शोषतं. त्या ठिकाणी शोषणारा रंग हवा होता. वुड यांच्याबरोबर काम करणारे आयर्विन फॉक्स यांनी तो कोडॅक कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेतून मिळवला. कोडॅककडे फोटोग्राफीसाठी बनवलेल्या अशा रंगांचा साठा होता. 1957 साली निबंध आला, 1959 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली आणि इंडोसायनिन ग्रीन, डॉक्टरांच्या बोलण्यातलं ‘आयसीजी’, रुग्णालयात दाखल झालं.

ते मोजमापासाठी जन्मलं होतं. ते चमकतं याची तेव्हा कुणाला गरजच नव्हती, फक्त किती उजेड गिळतं ते हवं होतं. शिरेत दिल्यावर ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं, यकृत तीन-चार मिनिटांत त्यातलं निम्मं काढून घेतं, आणि त्याची चमक साधारण 830 नॅनोमीटरला, म्हणजे डोळ्यांना दिसतच नाही अशा अवरक्त पट्ट्यात पडते. ती टिपायला कॅमेरा लागतो. नेत्रतज्ज्ञांनी 1970च्या दशकात ती डोळ्याच्या मागच्या पडद्याखालच्या रक्तवाहिन्या बघायला वापरली. 2003 साली फ्रांकफुर्टच्या आंद्रेआस राबे यांच्या चमूने मेंदूतल्या फुगलेल्या धमनीला चिमटा लावल्यावर रक्त नीट वाहतं की नाही हे ऑपरेशन चालू असतानाच आयसीजीने दाखवलं. पुढे दुर्बिणीच्या आणि रोबोटच्या कॅमेऱ्यांतही हा डोळा बसला. आता पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतही सर्जन भूलतज्ज्ञांना ‘आयसीजी द्या’ म्हणतात आणि अर्ध्या-एक मिनिटाने पडद्यावर आतडं हिरवं उजळतं.

तो हिरवा खोटा आहे. कॅमेऱ्याने टिपलेला उजेड बिनरंगी असतो, त्याला पडद्यावर कुठला रंग द्यायचा हे यंत्र बनवणारे ठरवतात. काही यंत्रं निळा देतात, काही थंड-गरम नकाशासारखे पट्टे. किती मंद उजेडाला किती गडद रंग चढवायचा हेही तेच ठरवतात.

चित्र आणि आकडा यांच्यातली ही ओढाताण सगळ्यात उघड झाली ती मेंदूच्या शस्त्रक्रियेतल्या तिसऱ्या रंगात, आणि हा रंग बाहेरून द्यावा लागत नाही. शरीर रक्तातलं हीम बनवताना वाटेत प्रोटोपॉर्फिरिन नावाचा पदार्थ तयार करतं. जांभळट निळ्या उजेडात तो लाल चमकतो. पॉर्फिरिन आणि उजेड एकत्र आले की काय होतं हे फ्रीडरिश मायर-बेट्झ नावाच्या जर्मन डॉक्टरने 1912 साली स्वतःवरच पाहिलं होतं. त्याने 200 मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतलं, उन्हात गेला आणि त्याचा चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजला. 1924 साली लिऑनच्या आल्बेर पोलिकार यांना उंदरांच्या गाठींत लाल चमक दिसली. त्या चमकेचं औषध व्हायला मात्र शतक संपत यावं लागलं. म्युनिकच्या वाल्टर श्टुमर यांनी रुग्णांना ऑपरेशनच्या आधी 5-एएलए नावाचा पदार्थ पाण्यात विरघळवून प्यायला दिला, वजनाच्या दर किलोला 20 मिलिग्रॅम. ग्लायोमा या मेंदूच्या घातक गाठीच्या पेशी त्यापासून भरपूर प्रोटोपॉर्फिरिन बनवतात आणि ते साठून राहतं. सूक्ष्मदर्शकाचा उजेड निळा केला की गाठ निखाऱ्यासारखी लाल दिसते. मायर-बेट्झची आठवण म्हणून असेल, रुग्णाला पुढचे चोवीस तास प्रखर उजेडापासून जपतात.

2006 साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त छापलेली श्टुमर यांची चाचणी या क्षेत्रातला मैलाचा दगड मानतात. जर्मनीतली 17 केंद्रं, 322 रुग्ण. निळ्या उजेडात ऑपरेशन झालेल्यांपैकी 65 टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या पांढऱ्या उजेडातल्यांची 36 टक्के. सहा महिन्यांनंतर रोग न वाढता राहिलेल्यांचं प्रमाण 41 टक्के विरुद्ध 21.1 टक्के. युरोपने 2007 साली औषधाला मान्यता दिली, अमेरिकेने 2017 साली. गाठ पूर्ण निघाली की नाही याचा निवाडा मात्र लाल चमकेवर सोडला नव्हता. तो ऑपरेशननंतर लवकर काढलेल्या एमआरआयवरून, कोणत्या रुग्णाला काय दिलं हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी केला. श्टुमर यांची ही सावधगिरी मला त्या आकड्यांइतकीच मोलाची वाटते.

टेबलावर तसा निवाडा करणारा कुणी नसतो. गाठीचा गाभा गडद लाल असतो, त्यावर वाद नाही. कडेला ती फिकी गुलाबी होत जाते, आणि गुलाबी कुठे संपलं ते ज्याचं त्याने ठरवायचं. रक्ताचा पातळ पापुद्रा चढला की चमक झाकली जाते. निळ्या उजेडात जास्त वेळ ठेवली तर ती विटते. दिवा जुना झाला, कोन बदलला, सूक्ष्मदर्शक वर सरकला, की कालचं लाल आज गुलाबी. अमेरिकेत डार्टमथच्या सर्जन-अभियंत्यांनी 2011च्या सुमारास ऊतीला टेकवायची एक बारीक सळई वापरून प्रोटोपॉर्फिरिन थेट मोजलं. डोळ्यांना काहीच लाल दिसत नव्हतं अशा जागीही ते भरपूर सापडलं. मूर यांचा गायगर काउंटर साठ वर्षांनी परत आला होता, या वेळी किरणोत्सर्गाशिवाय.

कॅमेऱ्याच्या बाबतीत प्रकरण आणखी अवघड आहे, कारण कॅमेरा मदत करायला बसलेला असतो. उजेड कमी पडला तर तो आपोआप गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवतो. लग्नाच्या व्हिडिओत हे बरंच आहे. ऑपरेशनमध्ये त्याचा अर्थ असा, की रक्तपुरवठा कमी झालेल्या आतड्याचा मंद उजेड यंत्र फुगवून दाखवतं आणि सर्जनला वाटतं, छान, इथे टाका घालायला हरकत नाही. कॅमेरा जवळ नेला की चमक वाढते, लांब नेला की कमी होते. ऊतीत काही बदललेलं नसतं. फार जवळ नेला तर चित्राचा मधला भाग पांढराफटक होतो आणि त्यातला सगळा फरक पुसला जातो. छतावरच्या जुन्या हॅलोजन दिव्यांत भरपूर अवरक्त उजेड असतो, तोही चित्रात मिसळतो. रंग जास्त दिला तर चमक वाढेल असं वाटतं, पण एका मर्यादेपलीकडे आयसीजीचे रेणूच एकमेकांची चमक विझवतात. आणि वेळ! इंजेक्शननंतर मिनिटभराने चमकणारा भाग आणि पाच मिनिटांनी चमकणारा भाग यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. थांबलं तर शेजारच्या जिवंत भागातून रंग झिरपत जातो आणि रक्त न पोचणारं आतडंही हिरवं होतं.

यंत्राचं चित्र तपासून घेण्याच्या बाबतीत क्ष-किरणवाले फार पुढे होते. स्तनांच्या मॅमोग्राफीसाठी अमेरिकेने 1992 साली कायदाच केला. यंत्राने दर्जा राखलाच पाहिजे आणि तो तपासायला ठरलेला ठोकळा, म्हणजे फॅन्टम, वापरलाच पाहिजे. त्या ठोकळ्यात सहा तंतू, ठिपक्यांचे पाच पुंजके आणि पाच गाठी लपवलेल्या. फिल्मवर किमान चार तंतू, तीन पुंजके, तीन गाठी मोजता आल्या तर यंत्र पास. मोजणारे डोळे माणसाचेच होते, पण काय मोजायचं ते ठरलेलं होतं. चमक टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना बाजारात येऊन कित्येक वर्षं झाली तरी असं काही नव्हतं. प्रत्येक कंपनीचा स्वतःचा ठोकळा, स्वतःची एककं, आणि जाहिरातीत ‘उच्च संवेदनशीलता’.

ह्यूस्टनमध्ये सेविक-म्युराका यांच्या प्रयोगशाळेने, म्युनिकमध्ये दिमित्रिस गॉर्पास आणि वासिलिस न्टझियाख्रिस्टोस यांनी 2010च्या दशकात ठोकळ्यांचं काम हातात घेतलं. पारदर्शक पॉलियुरेथेनमध्ये उजेड विखुरायला टायटॅनियम डायऑक्साइड मिसळायचं, शोषायला काळं किंवा रक्तातलं रंगद्रव्य, आणि चमकायला क्वांटम डॉट नावाचे सूक्ष्म कण, कारण आयसीजी काही दिवसांतच विटतं. एका खाचेत जास्त चमक, पुढच्या खाचेत कमी, एक खाच खोल, एक उथळ. रेषा किती बारीक दिसतात हे तपासायला अमेरिकन हवाई दलाने 1951 साली टेहळणीच्या कॅमेऱ्यांसाठी आखलेला पट्ट्यांचा नमुनाच उपयोगी पडतो. शेवटी 2024 साली अमेरिकेच्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने 311 क्रमांकाच्या कार्यगटाचा अहवाल छापला. ब्रायन पोग यांच्या नेतृत्वाखालच्या या गटात यंत्रं तपासणारे सरकारी शास्त्रज्ञही होते. संवेदनशीलता, आत झिरपणारा नको तो उजेड, कडांना मंद पडणारं चित्र, खोलीवरून दिसण्याची क्षमता हे सगळं कसं मोजायचं ते त्यात एकदाचं लिहिलं गेलं.

मोजणी आपोआप व्हावी हा पुढचा टप्पा होता आणि त्यात सोय हा भाग कमी, भांडण टाळणं जास्त. ठोकळ्याचा फोटो दिला की कुठल्या चौकोनात सरासरी काढायची हे माणूस माउसने ठरवत असे, आणि दोन माणसं दोन चौकोन काढत. आता मुक्त उपलब्ध असलेले प्रोग्रॅम खाचा स्वतः शोधतात, वर्तुळं स्वतः आखतात आणि गुणपत्रिका हातात देतात. एवढ्याने वाद संपला असं नाही. चमकेचे गुण नेहमी कशाच्या तरी तुलनेत काढावे लागतात: पार्श्वभूमीच्या तुलनेत. पार्श्वभूमी म्हणून ठोकळ्याचा कुठला कोपरा घ्यायचा? आणि सिग्नल भागिले गोंगाट हे गुणोत्तर कुठल्या सूत्राने? म्युनिकच्या गटाने इतरांबरोबर सहा यंत्रांवर हे करून पाहिलं तेव्हा कोपरा आणि सूत्र बदललं की एकाच यंत्राचे गुण कुठल्या कुठे जातात हे दिसलं. प्रोग्रॅम निःपक्षपाती असतो हे खरं, पण कुठला कोपरा घ्यायचा हे त्याला माणसानेच शिकवलेलं असतं.

दुसरीकडून तयार सूत्रं उसनी घ्यायचाही मोह होता. चित्राचा दर्जा संगणकाने ठरवायची ‘एसएसआयएम’ ही पद्धत 2004 साली आली. टीव्हीवाल्यांनी ती इतकी वापरली की 2015 साली तिच्या जनकांना एमी पुरस्कार मिळाला. पण ती मूळ चांगल्या चित्राशी तुलना करते, आणि शस्त्रक्रियेत मूळ चांगलं चित्र नावाची गोष्ट नसते. तुलनेशिवाय गुण देणाऱ्या पद्धती रस्ते, झाडं, चेहरे यांच्या फोटोंवर शिकलेल्या असतात. तीन-चतुर्थांश काळी आणि मधे एक धूसर डाग असलेली चौकट त्यांना वाईट फोटो वाटते. सर्जनसाठी कदाचित तीच त्या दिवसाची सर्वांत कामाची चौकट असते. म्हणून डब्लिन आणि स्ट्रासबुर्गच्या गटांनी एका चौकटीचं सौंदर्य सोडून वेळेच्या आलेखाकडे मोर्चा वळवला: आतड्याचा प्रत्येक बिंदू किती सेकंदांत उजळला आणि किती वेगाने विझला. कॅमेऱ्याचं अंतर बदललं तरी हा वेग तितकासा बदलत नाही.

आणि एका यंत्राने अंतराचाच प्रश्न निकालात काढला. अमेरिकेने 2024च्या एप्रिलमध्ये पेगुलिसायनिन या रंगाला आणि त्याच्या हातात धरायच्या कॅमेऱ्याला मान्यता दिली. स्तनातली गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीच्या भिंतीला हा कॅमेरा टेकवूनच धरतात. किती चमक म्हणजे संशय हा उंबरठा प्रोग्रॅम त्याच रुग्णाच्या ऊतीवरून ठरवतो आणि संशयाची जागा पडद्यावर लाल करतो. सर्जनने गुलाबी की लाल हे ठरवायचंच नाही. 357 रुग्णांच्या चाचणीत नेहमीचं ऑपरेशन झाल्यानंतरही 27 जणींच्या पोकळीत कर्करोग शिल्लक होता आणि तो यंत्राच्या सांगण्यावरून काढला गेला. त्याच चाचणीत यंत्राची संवेदनशीलता 49.3 टक्के निघाली. कर्करोग असलेल्या जवळपास निम्म्या जागांवर पडदा लाल झाला नाही. यात दोष रंगाचा, उंबरठ्याचा की चित्राचा, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी तिन्ही वेगवेगळे मोजावे लागतील, आणि त्यातला चित्राचा भाग मोजायचे ठोकळे आता निदान टेबलावर आलेले आहेत.